काका, सील तोडू नका!

गेल्या रविवारी रात्री तोच डबा मला पुन्हा दिसला. नोकिया ८८००, 'सीलपॅक, न वापरलेला, बिल-बॉक्ससकट', किंमत ४२,०००. फोटो मोठा करून डब्यावरच्या स्टिकरचा आयएमईआय (फोनचा ओळख क्रमांक) वाचला आणि उठून कपाटातून माझा डबा काढला. पंधराच्या पंधरा आकडे तेच. एका आयएमईआयचा जगात एकच फोन असायला हवा. इथे तो माझ्याही घरी आहे आणि विकणाऱ्याकडेही आहे. म्हणून हे लिहायला बसलो.

२००५ साली मी पुण्यात एमआर, म्हणजे औषध कंपनीचा प्रतिनिधी होतो. बॅगेत औषधांची सॅम्पलं आणि खिशात 'पाचशे एक'वाला, म्हणजे २००३च्या 'मान्सून हंगामा' योजनेत ५०१ रुपये भरून घेतलेला रिलायन्सचा सीडीएमए फोन. आमच्या रिजनल मॅनेजरांकडे मात्र ८८००. अख्खा स्टेनलेस स्टीलचा. मीटिंगमध्ये टार्गेटचे आकडे ऐकता ऐकता साहेब अंगठ्याने त्याचं झाकण वर-खाली करत बसायचे. ते झाकण बॉल बेअरिंगवर सरकायचं. आवाज कसा, तर चांगल्या तिजोरीचं दार बसावं तसा. रिंगटोन र्‍युइची साकामोतो या जपानी संगीतकाराकडून करून घेतलेले. कॅमेरा अर्ध्या मेगापिक्सेलचा! म्हणजे पैसे स्टीलचे आणि त्या आवाजाचे होते, हे मला तेव्हाही कळत होतं. हवा होता तो तरीही.

त्याआधी तर फोन वापरणंही महाग होतं. १९९५ला भारतात मोबाइल आला तेव्हा आलेला कॉल उचलायचेही पैसे पडायचे, मिनिटाला १६ रुपयांपर्यंत. इनकमिंग फुकट झालं ते मे २००३पासून. पुढे टचस्क्रीन आले आणि बटणांचे फोन भंगारात गेले. पुण्याच्या जुन्या बाजारात बुधवारी-रविवारी पोत्यातून ओतलेले असायचे. मी स्वतः १०० रुपयांत तीन नोकिया ३३१० आणलेत, त्यातले दोन चालू. मग २०१७मध्ये नव्या रूपातला ३३१० आला, भारतात किंमतही मुद्दाम ३,३१० रुपयेच ठेवलेली, आणि पोतंवाल्यालाही 'थर्टी-थ्री-टेन' म्हणता यायला लागलं. शंभरात एकसुद्धा मिळेना.

खरं वेड लावलं ते २०२३च्या जुलैतल्या बातमीने. पहिला आयफोन, चार जीबीचा, २००७मध्ये ४९९ डॉलरला मिळायचा. अमेरिकेतल्या लिलावात तो १,९०,३७२ डॉलरला गेला, कारण कुणी तो उघडलाच नव्हता. हा भाव फोनचा नव्हे, वरच्या न फाटलेल्या प्लास्टिकचा. आमच्यासारख्या संग्राहकांच्या डोक्यात 'सीलपॅक' हा शब्द तिथून शिरला. विकणाऱ्यांच्या तर आधी शिरला असणार.

मला ८८०० विकणारा मुलगा संग्राहकांच्याच एका ग्रुपवर भेटला. बोलणं गोड, जुन्या फोनची माहिती चोख. ३८,०००वरून ३४,०००वर आला. मी म्हटलं, आत बघायला मिळेल का?

"काका, सीलपॅक आहे ना. तोडलं की निम्मी किंमत गेली. तुम्हीपण तोडू नका, पाच वर्षं ठेवा फक्त."

बारा वर्षं हा उद्योग करणारा मी, हे ऐकून गप्प बसलो. वर त्याने डब्याचा सगळ्या बाजूंनी फिरवून व्हिडिओ पाठवला, त्यानेच मी विरघळलो. तसलं प्लास्टिक गरम हवेने चिकटवून घ्यायला किती लागतं? फराळाच्या डब्यांनाही असतं. यूपीआयने पैसे पाठवले, तिसऱ्या दिवशी कुरिअर आलं, डबा शोकेसमध्ये गेला. आठ महिने येणाऱ्या-जाणाऱ्याला मी तो काचेबाहेरून दाखवत होतो.

उघडला तो एका मित्रामुळे. तो म्हणाला, "अरे, आत वीस वर्षांची लिथियम बॅटरी आहे, फुगली तर?" २००७च्या ऑगस्टमध्ये नोकियाने ४.६ कोटी बीएल-५सी बॅटऱ्या बदलून द्यायची घोषणा केली होती, तेव्हाची घबराट आठवली. रात्री जेवणं झाल्यावर ब्लेड घेतलं.

फोन चकचकीत होता. पण झाकण सरकवलं आणि पोटात गोळा आला. तिजोरीचं दार नाही, कंपासपेटी. वर केल्यावर डावी-उजवीकडे हलत होतं. बॅटरी काढून खालचं लेबल बघितलं तर पांढरंशुभ्र, कडा किंचित वाकडी, आणि भिंगाखाली अक्षरांना इंकजेटचे ठिपके. सिम घातलं, चालू केला. *#०६# दाबल्यावर आलेला आयएमईआय लेबलवरच्याशी जुळेना. डब्याचं आणि लेबलचं जुळत होतं, कारण दोन्ही एकाच ठिकाणी छापलेली. मग *#९२७०२६८९# दाबलं. नोकियाच्या बऱ्याच जुन्या फोनांत याने एकूण बोलण्याचा वेळ दिसतो. 'न वापरलेला' माझा फोन १,१४७ तास बोलून झाला होता.

म्हणजे बोर्ड जुना, बाकी सगळी बॉडी बदललेली. धंद्यात याला 'हाऊसिंग बदललेला' म्हणतात आणि तसं सांगून विकला तर त्यात काही गैर नाही; तीन-चार हजारांत मीही घेतला असता. (त्या तासांवरही फार विसंबू नका. सर्व्हिसिंगच्या अवजारांनी तो आकडाही शून्य करता येतो. मला विकणाऱ्या त्या मुलाने तेवढेही कष्ट घेतले नव्हते.)

त्याला फोन केला. "काका, सील तुम्ही तोडलंत. मी दिला तोच माल कशावरून?" आणि ब्लॉक. १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, पण तो नंबर उपयोगी पडतो तो पहिल्या काही तासांत, पैसे पुढे सरकायच्या आत. मी गेलो आठ महिन्यांनी. केवायएम लिहून स्पेस देऊन आयएमईआय १४४२२वर एसएमएसने पाठवला की तो नंबर ब्लॅकलिस्टमध्ये आहे का, डुप्लिकेट आहे का, ते कळतं. ही सोय मला माहीत होती, दुसऱ्यांना मी ती सांगतही होतो. स्वतःच्या वेळी पाठवायचं सुचलं नाही.

आता मी व्हिडिओ कॉलवर समोर डबा फोडायला लावतो. बॅटरी काढून लेबल, मग चालू करून *#०६#, मग डबा, तिन्ही एका चौकटीत. शेवटी एअरटेलचं सिम घालून मला फोन करायला सांगतो (टूजी लागतं, जिओवर हे फोन चालत नाहीत). 'सील जाईल' म्हणणाऱ्याला नमस्कार. रविवारच्या त्या जाहिरातीखाली माझ्या डब्याचा फोटो टाकला, तर दहा मिनिटांत मलाच ग्रुपमधून काढून टाकलं.

डबा फोडला त्या रात्री फोनमधलं फोनबुकही उघडलं होतं. एकच नाव शिल्लक, रशियन लिपीत, चार अक्षरं. ऑफिसातल्या रशियन शिकलेल्या मुलीला दाखवलं. ती म्हणाली, "मामा लिहिलंय. म्हणजे आई." पुढे परदेशातला लांबलचक नंबर. तो मी अजून पुसलेला नाही.