मोटारबोटीला शीड बसवून घेतलं, उद्यमबागेतल्या वर्कशॉपचा अनुभव

हिडकल धरणाच्या बॅकवॉटरला आमची 18 फुटी फायबर बोट आहे, मागं 9.9 एचपीचं इंजिन, शेत पलीकडच्या काठाला म्हणून रोजचं जाणं-येणं तिच्यातूनच. दुपारी वारा सुटला आणि लाट आडवी लागली की बोट अशी डुलायची की काकूंना हमखास उलटी व्हायची, त्यात पेट्रोलचा खर्च वेगळाच. म्हणून शीड बसवायचं ठरवलं.

काम बेळगावात उद्यमबागेतल्या एका फॅब्रिकेशनवाल्याकडं दिलं, त्यानं बोट कधी केली नव्हती पण प्रश्न बरोबर विचारले, बोटीचं वजन किती, माणसं किती बसतात, वाटेत विजेची तार कुठं आहे का. हा तारेचा प्रश्न मला सुचलाच नव्हता! म्हणून 16 फुटी अल्युमिनियमच्या डोलकाठीला बुडाला बिजागरी घातली, दोघं मिळून दोन मिनिटांत आडवी करतो. चार बाजूंना स्टीलच्या वायरचे ताण दिलेत.

एक चूक मात्र मोठी झाली. डोलकाठीचा पाया त्यांनी नुसता फायबरवर बोल्टनं आवळला, खाली फळी नाही की प्लेट नाही, तिसऱ्याच दिवशी बोल्टाच्या भोवती केसासारख्या चिरा दिसल्या. फोन केला तर मालक स्वतः आले, चिरा भरल्या, खालून जाड प्लायवूड आणि प्लेट घालून परत बसवलं आणि पैसे घेतले नाहीत. तुम्ही करणार असाल तर हे आधीच सांगा.

शीड ताडपत्री शिवणाऱ्याकडं शिवलं, साधारण 80 चौरस फूट. पहिलं एकदम सपाट आलं, चादरीसारखं. शिडाला थोडं पोट हवं, तरच वारा धरतं, म्हणून कापडाच्या पट्ट्या कडेला निमुळत्या कापून परत शिवून घेतल्या. ताडपत्री ओढून ओढून सैल होते, जमलं तर डॅक्रॉनच (शिडासाठीचं कमी ताणणारं पॉलिएस्टर कापड) घ्या. वारा वाढला की शीड खालून गुंडाळून लहान करायला दोन ओळी रिंगा मारून घ्याच.

आता फायदा काय ते सांगतो. मोटारबोटीचा तळ चपटा, खाली कणा (पाण्यात खोल उतरलेली उभी पट्टी) नाही, त्यामुळं नुसत्या शिडावर ती पुढं कमी आणि आडवी जास्त सरकते. बाजूला खाली सोडायची एक फळी लावली तेव्हा कुठं बरीच सरळ चालायला लागली, तरी वाऱ्याच्या तोंडावर जायचं म्हणजे इंजिनच पाहिजे. वारा पाठीमागून किंवा बाजूनं असला तर इंजिन बंद करून आरामात येतो, तेवढं पेट्रोल वाचतं आणि तेवढ्याच डब्यात लांब जाता येतं. इंजिन पूर्ण वर उचललं तर सुकाणू राहत नाही, मग मागून वल्ह्यानं दिशा धरावी लागते, हे पण शिकावं लागलं.

पण मला सगळ्यात जास्त पटलं ते डुलणं कमी झालेलं. शीड मधोमध घट्ट ओढून ठेवलं आणि इंजिन हळू चालवलं की वारा कापडाला धरून ठेवतो, बोट झोके घेत नाही. वाराच नसला तर मात्र काही उपयोग नाही. काकू परवा भाताचा डबा मांडीवर घेऊन पलीकडं गेल्या, आणि उतरल्यावर पहिल्यांदाच पाणी मागितलं नाही.