विम आणि क्लिपबोर्ड: दरवेळी सांगायचं की कायमचं जोडून टाकायचं?

ब्राउझरमध्ये कंट्रोल-सी करून विम या टेक्स्ट एडिटरमध्ये यायचं, पेस्टसाठी पी दाबायचं, आणि भलताच मजकूर उमटायचा. विम नव्याने शिकणारा प्रत्येक जण इथे अडखळतो. विममध्ये कॉपी केलेलं, उडवलेलं सगळं त्याच्या स्वतःच्या रजिस्टरमध्ये, म्हणजे मजकूर ठेवायच्या कप्प्यात, जातं. बाहेरचा क्लिपबोर्ड म्हणजे ‘प्लस’ नावाचं वेगळं रजिस्टर.

निवडीआधी ‘विम --व्हर्जन’ चालवून बघा. ‘क्लिपबोर्ड’ या शब्दाआधी मायनस दिसला, तर खालचे पहिले दोन्ही मार्ग बंद. पूर्ण सोयींचं पॅकेज टाका. लिनक्सवर, विमवरूनच बनलेल्या निओविम या एडिटरला एक्सक्लिप किंवा डब्ल्यूएल-कॉपीसारखं वेगळं साधन लागतं.

पहिला मार्ग, दरवेळी सांगायचं. डबल कोट, प्लस, मग वाय (कॉपी) किंवा पी (पेस्ट). इन्सर्ट मोडमध्ये, म्हणजे मजकूर टाइप करत असाल तर कंट्रोल-आर आणि प्लस. एवढी बटणं दाबायचा कंटाळा येतो हे खरं, पण लीडर (स्वतःच्या शॉर्टकटांसाठी राखलेलं बटण) घेऊन लीडर-वाय, लीडर-पी असे शॉर्टकट केले की तक्रार उरत नाही.

दुसरा, ‘सेट क्लिपबोर्ड=अननेम्डप्लस’. विमच्या सेटिंगच्या फाइलमध्ये ही एक ओळ लिहिली की साधं वाय-पी थेट बाहेरच्या क्लिपबोर्डशी बोलतं. ऐकायला झकास, आणि बहुतेक जण हेच सुचवतात. पण विममध्ये डिलीट म्हणजे कट. ब्राउझरमधून नवी ओळ कॉपी केली, फाइलमधली जुनी ओळ डीडीने उडवली, पी दाबलं, की उडवलेली ओळच परत हजर! नवी गेली. एखादं चुकार अक्षर उडवायला एक्स दाबला तरी तेच. एकच शब्द तीन ठिकाणी बदलायचा असेल तर आणखी गंमत: पहिला जुना शब्द सिलेक्ट करून पी केलं की तो जुना शब्दच क्लिपबोर्डवर जाऊन बसतो. विम ९ मध्ये आणि नव्या निओविममध्ये तिथे कॅपिटल पी वापरला तर हे टळतं, पण आठवण ठेवावी लागतेच.

तिसरा, टर्मिनलचं कंट्रोल-शिफ्ट-व्ही. आणायला ठीक. जुन्या विममध्ये ऑटोइंडेंटमुळे (नवी ओळ आपोआप आत सरकवणारी सोय) प्रत्येक ओळ आणखी उजवीकडे सरकायची. विम ८ पासून बहुतेक टर्मिनलांत तो त्रास नाही. न्यायला मात्र वाईट: माउसने कॉपी केलं की ओळींचे आकडे दिसत असतील तर तेही सोबत येतात, आणि मिळतं तेही पडद्यावर दिसतंय तेवढंच.

माझं मत पहिल्याला. दिवसभर विममधून बाहेर मजकूर नेणं हेच काम असेल, खोडाखोड कमी असेल, तर दुसरा चालेल.

एसएसएचने दूरच्या सर्व्हरवर असाल तर हिशेबच वेगळा, कारण तिथला विम तुमचा क्लिपबोर्ड सहसा बघूच शकत नाही. आत आणायला टर्मिनलचं पेस्ट पुरतं. बाहेर न्यायला ओएससी ५२, म्हणजे टर्मिनलला ‘हा मजकूर क्लिपबोर्डवर ठेव’ असं सांगणारा संकेत; निओविममध्ये ०.१० पासून त्याची सोय आतच आहे, फक्त तुमच्या टर्मिनलला ते समजायला हवं.