लाँगबुक की ॲप? मला अडलं ते अर्ध्या खुणेपाशी

अकाउंट्सवाल्याचा महिना 7, 11, 15 आणि 20 या चार आकड्यांवर चालतो. टीडीएसचं (कापून घेतलेल्या कराचं) चलन, जीएसटीआर-1 (विक्रीच्या बिलांचं जीएसटी रिटर्न), पीएफ-ईएसआय (कामगारांचा फंड आणि विमा) आणि थ्रीबी (ज्यावर महिन्याचा जीएसटी भरतात ते रिटर्न). या चार तारखांसाठी फोनमधल्या कामांच्या यादीच्या ॲपला तोड नाही, हे आधीच कबूल करतो. ‘दर महिन्याच्या 5 तारखेला आठवण कर’ असं एकदा सांगून ठेवलं की विषय संपला. मार्चचा टीडीएस तेवढा 30 एप्रिलपर्यंत चालतो, त्याची वेगळी नोंद करायची, बस्स. वहीत हेच काम दर महिन्याला हाताने उतरवावं लागतं, आणि ज्या महिन्यात उतरवायचं राहतं त्याच महिन्यात साहेब विचारतात.

भोसरीतल्या एका लहान कारखान्यात मी हे काम करतो. कामांची यादी आधी अडीच वर्षं ॲपमध्ये ठेवली, गेली दोन वर्षं लाँगबुकात ठेवतोय. म्हणजे मी आता वहीकडचा माणूस आहे, एवढं धरूनच पुढचं वाचा.

कोणतं ॲप, यात फार शिरत नाही. गूगल टास्क्स, मायक्रोसॉफ्ट टू डू, टुडुइस्ट, सगळ्यांचा मूळ कारभार एकच: नाव लिहा, तारीख लावा, झालं की गोलावर बोट ठेवा. मी वापरायचो त्यात इंग्रजीत ‘टुमॉरो’ लिहिलं की तारीख आपोआप लागायची. मराठीत ‘परवा’ लिहिलं की ते कामाच्या नावातच पडून राहायचं. त्याला तरी काय बोल लावणार? आपल्याकडे परवा म्हणजे गेलेला की येणारा, हे माणसालाही वाक्य संपल्यावरच कळतं.

माझं घोडं अडलं ते त्या गोलापाशी.

गोलाला दोनच अवस्था कळतात, झालं आणि नाही झालं. आता आमच्या टेबलावरची कामं बघा. पार्टीला बॅलन्स कन्फर्मेशन (येणं-देणं जुळतंय ना, याचं पत्र) पाठवलंय, सही होऊन आलेलं नाही. स्टोअर्सकडून जीआरएन, म्हणजे माल मिळाल्याची नोंद, यायचाय. बँकेला पत्र दिलंय, मॅनेजर रजेवर. माझ्या यादीतली निम्म्याहून जास्त कामं अशीच असतात. माझ्या बाजूने झालेली, पण संपलेली नाहीत. गोलावर बोट ठेवलं की काम डोळ्यांआड जातं आणि समोरचा विसरला तर आपणही विसरतो. बोट नाही ठेवलं तर ते लाल होऊन रोज सकाळी असं बघत बसतं, जणू मीच हातावर हात ठेवून बसलोय. आठवडाभर लाल रंग बघितला की डोळे मरतात. मग खरोखर उशीर झालेलं कामही त्याच लालीत मिसळून जातं.

याचा फटका बसला तो असा. एका पार्टीचं आम्हाला आलेलं 3,54,000 रुपयांचं बिल होतं, त्यात जीएसटी 54,000. 2022 पासून पार्टीने जीएसटीआर-1 मध्ये बिल दाखवल्याशिवाय आपल्याला त्याचं क्रेडिट (खरेदीवर दिलेल्या जीएसटीची वजावट) घेता येत नाही, हे या धंद्यातल्या सगळ्यांना पाठ आहे. ही पार्टी विसराळू, म्हणून 5 तारखेलाच मेल टाकला की आमचं बिल या महिन्यात घ्या. मेल गेला, मी गोलावर बोट ठेवलं, काम गायब. 14 तारखेला टू-बी (कोणत्या बिलांचं क्रेडिट मिळेल ते दाखवणारं जीएसटीचं पत्रक) आलं, पण स्टॉकच्या गडबडीत जुळवायला बसलो 18 ला. बिल नाही. थ्रीबीला उरले दोन दिवस, आणि 54,000 रोख भरायला लागले. क्रेडिट पुढच्या महिन्यात मिळालं, पैसे बुडाले नाहीत. पण त्याच आठवड्यात पगार होते, आणि साहेबांच्या केबिनमध्ये मी जी दहा मिनिटं उभा होतो ती कुठल्या खात्यात टाकायची ते अजून कळलेलं नाही. पार्टीच्या अकाउंटंटला फोन केला तर तो शांतपणे म्हणाला, “मेल बघितला होता हो, पण तुम्ही परत काही बोलला नाहीत.”

बरोबरच होतं त्याचं.

त्यानंतरच्या एप्रिलला दोनशे पानी लाँगबुक आणलं. समासात खूण करायची पद्धत अशी: काम माझ्या हातून पुढे गेलं की बरोबरच्या खुणेची नुसती छोटी दांडी काढायची, आणि काम कोणाकडे अडकलंय त्याचं आद्याक्षर शेजारी. उत्तर आलं, सही आली, बिल टू-बीमध्ये दिसलं, की लांब दांडी ओढून खूण पुरी करायची. सकाळी चहा येईपर्यंत मागची चार पानं उलटायची आणि अर्ध्या खुणा दिसतील त्यांना फोन लावायचे. एवढंच.

ॲपमध्ये हे जमत नाही असं म्हणणार नाही. ‘उत्तराची वाट’ अशी वेगळी यादी करता येते, लेबलं लावता येतात. मीही केली होती. पण मेल गेल्यावर काम एका यादीतून दुसरीत हलवायचं, नवी तारीख लावायची, हे दिवसातून पंधरा वेळा माझ्याच्याने झालं नाही. तुमच्यात तेवढी शिस्त असेल तर माझा अर्धा मुद्दा इथेच पडतो.

वहीचे दोषही कमी नाहीत. रविवारी साहेबांचा फोन येतो तेव्हा ती ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये असते. गेल्या वर्षीचं काही शोधायचं तर पानं उलटत बसा. जुलैत एकदा नाशिक फाट्याला भिजली, आठ पानांची शाई पसरली. ॲपवाले म्हणतील, आमचं काही भिजत नाही. खरंय, पण तिथेही दुकान बंद होतं. वंडरलिस्ट मायक्रोसॉफ्टने 2015 मध्ये घेतलं आणि 2020 मध्ये बंद केलं. याद्या टू डूमध्ये नेण्याची सोय दिली होती, हेही सांगायला हवं.

वहीचा एक फायदा मात्र कोणी बोलून दाखवत नाही. मीटिंगमध्ये वहीत लिहिणारा माणूस लक्ष देतोय असं दिसतं. तोच मजकूर फोनवर टाइप करणारा टाइमपास करतोय असं दिसतं. आमच्याकडे तरी.

तुमचं काम डिझाइनचं, कोडिंगचं, म्हणजे बहुतेक स्वतःच सुरू करून स्वतःच संपवायचं असेल, तर ॲप घ्या, वहीचं ओझं कशाला. पण दिवस फॉलोअपमध्ये जात असेल, खरेदी, अकाउंट्स, ॲडमिन अशा ठिकाणी, तर मी वहीकडे झुकेन. त्या चार तारखा मी अजूनही फोनवरच ठेवल्यात. दोन्हींतलं एकच ठेवा म्हणालात तर फोनमधलं काढीन आणि 7, 11, 15, 20 कालनिर्णयवर गोल करून ठेवीन, जिथे घरात दुधाचे खाडे लिहितात तिथेच.

आणि डिसेंबरात पार्टी भेट देते ती डायरी यासाठी वापरू नका. ती जानेवारीत सुरू होते, आपलं वर्ष एप्रिलला. शिवाय रविवारला अर्धं पान आणि 20 तारखेलाही एकच पान, हा कुठला न्याय? तारखा न छापलेलं लाँगबुक घ्या, समास दोन बोटं सोडा. जीएसटीचे कागद वार्षिक रिटर्नच्या मुदतीपासून 72 महिने ठेवायची सक्ती आहे. वह्यांना तशी सक्ती नाही, तरी माझ्या दोन्ही त्याच कपाटात आहेत.

आजच्या पानावर सात अर्ध्या खुणा आहेत. त्यातल्या तीन त्याच पार्टीच्या.