भाड्याचं बीबीएफ पेरणी यंत्र: एक खरीप वापरून

आमचं साडेपाच एकर वावर यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्हा तालुक्यात, उताराचं. खालच्या धुऱ्याला, म्हणजे बांधाला, लागून नाला आहे, तो पुढे अडाण नदीला मिळतो. आर्द्रात तो दुधाच्या चहासारखा वाहतो. वरच्या शेजाऱ्याची माती येते, असं मामाजी, म्हणजे माझे सासरे, दरसाल म्हणायचे.

यंदा अवजारं भाड्यानं देणाऱ्या अवजार बँकेतून बीबीएफ, म्हणजे रुंद वरंबा-सरी पाडून पेरणारं यंत्र आणलं, ट्रॅक्टर-ड्रायव्हरसकट एकरी १४०० रुपये. मधे रुंद वरंबा, त्यावर पेरणीचे चार तास, म्हणजे ओळी, दोन्हीकडे सरी. सोयाबीनचं बियाणं एकरी ३० किलोऐवजी २२ लागलं. निम्मं भाडं तिथंच निघालं.

यंत्र चांगलं, चालवणारा घाईचा. आल्या आल्या वरून खाली सुटला. "काकू, उभे तास मारले तं लवकर होते. आडव्यात वळणं लय, डिझेल जाते." अरे बाबा, उताराला लावलेली सरी म्हणजे नालीच की! हैदराबादजवळच्या इक्रिसॅट या शेती संशोधन संस्थेनं काळ्या जमिनीसाठी ही पद्धत बसवली, त्यात सरीला उतार शंभर मीटरला ४० ते ८० सेंटीमीटर, बस्स. दोन वरंबे झाल्यावर मी ट्रॅक्टरपुढे जाऊन उभी राहिले. आडवं मारायचे २०० रुपये वरून घेतले त्यानं. ते दोन वरंबे मात्र उभेच राहिले.

बरंच झालं. पहिल्या दणक्याच्या पावसात पाण्याच्या तीन रिकाम्या बाटल्या घेऊन निघाले. एक आडव्या सरीची भरली, एक उभ्या सरीची, एक पांदणीतून, म्हणजे शेतरस्त्यातून, नाल्यात उतरणाऱ्या पाण्याची. रात्रभर ओट्यावर ठेवल्या. काळी माती चिवट, सकाळीही पाणी गढूळच. पण तळ दिसत होता. आडव्या सरीत अर्धं बोट गाळ, उभ्यात दोन बोटं, पांदणीच्या बाटलीत चार बोटं आणि त्यात मुरूम. मग पांदणीनं चालत गेले. ट्रॅक्टरच्या चाकोऱ्या गुडघाभर खचलेल्या, पाणी त्यातूनच धावतं. नाल्याचा काठ ढोरं उतरतात तिथं ढासळलेला. उन्हाळ्यात नाला खोल केला, तेव्हा गाळ काठावरच टाकला होता. तो ढीग निम्मा परत आत. मामाजींनी तिन्ही बाटल्या उजेडात धरून पाहिल्या आणि चहा मागितला.

झडीत पाणी सऱ्यांतून निघून गेलं, पीक पिवळं पडलं नाही. एक उणं आहे: सगळ्या सऱ्या एकाच कोपऱ्यात उतरल्या, तिथं धुरा फुटून ओघळ पडली. दगड रचले, वाळ्याचे ठोंब लावले. पाण्याला वाट कुठून द्यायची, हे पेरणीआधी सांगणारं अवजार बँकेत कुणी नाही.

यंत्राला पाचपैकी साडेचार, सेवेला अडीच. बुकिंग मृगाआधी करा, नंतर रांग लागते. आणि आडव्या तासांचा भाव फोनवरच ठरवून घ्या.