खर्गे की थरूर? सांगलीतून पाहताना

ऑक्टोबर २०२२ मध्ये काँग्रेसच्या अध्यक्षपदासाठी मतदान झालं, पण ते प्रदेश काँग्रेसच्या प्रतिनिधींचं. पलूस-कडेगावच्या साध्या कार्यकर्त्याच्या हातात फक्त चर्चा होती.

शशी थरूर म्हणजे संयुक्त राष्ट्रांत मुरलेला, फर्डा माणूस. दिल्लीतले अधिकार खाली वाटा, हा त्यांचा मुद्दा मला तरी शंभर टक्के पटला. पण जतच्या तालुकाध्यक्षाला ते आपले वाटले असते का? शंकाच आहे.

मल्लिकार्जुन खर्गे गुलबर्ग्याच्या शहर काँग्रेसपासून वर आलेले. २०१८ ते २०२० महाराष्ट्राचे प्रभारी, त्यामुळे इथली गटबाजी त्यांना तोंडपाठ. संघटना चालवायची तर माझं मत त्यांनाच. प्रतिनिधींनीही ७,८९७ विरुद्ध १,०७२ असा कौल दिला.

सांगलीकरांची तक्रार मात्र खर्गेंकडेच जाते. ते प्रभारी असताना, २०१९ ला, सांगली लोकसभेची जागा आघाडीत राजू शेट्टींच्या स्वाभिमानी पक्षाला सुटली. अध्यक्ष असताना, २०२४ ला, ठाकरेंच्या शिवसेनेला. दुसऱ्या वेळी वसंतदादांचे नातू विशाल पाटील अपक्ष उभे राहिले, निवडून आले आणि मग पाठिंब्याचं पत्र घेऊन खर्गेंनाच भेटले.