जुन्या नाट्यगृहाचा आवाज जपायचाय: फुगा, स्वीप की कम्प्युटर मॉडेल?

गावात जुनं नाट्यगृह आहे, दुरुस्तीचं टेंडर निघणार अशी कुणकुण लागलीये, आणि त्याआधी तिथला आवाज मोजून ठेवायचाय? तीन वाटा आहेत: फुगा फोडून घुमारा रेकॉर्ड करा, स्वीप (म्हणजे खालून वर चढत जाणारा एक लांब सूर) वाजवा, नाहीतर कम्प्युटरवर हॉलचं मॉडेल बांधा. माझं मत आधीच सांगून टाकतो, एकच दिवस मिळणार असेल तर स्वीप. मॉडेल काय, मागाहूनही होतं, पण इमारत तेव्हा जागेवर असेल का हे कोण सांगणार.

उगाच नाही म्हणत. व्हेनिसचं 'ला फेनीचे' हे ऑपेरा थिएटर २९ जानेवारी १९९६ ला जळालं, आणि नशीब बघा, त्याच्या दोनच महिने आधी ध्वनितज्ज्ञ लाम्बेर्तो त्रोन्किन यांनी आतले इम्पल्स रिस्पॉन्स घेऊन ठेवले होते, म्हणजे एक टोकदार आवाज केला की हॉल त्याचं काय करतो ते माणसाच्या दोन कानांना जसं ऐकू येईल तसं रेकॉर्ड केलेलं. 'होतं तसं, होतं तिथं' म्हणत २००३ मध्ये थिएटर पुन्हा उघडलं, आणि जुना आवाज ताडून बघायला निदान काहीतरी शिल्लक होतं. आपल्याकडे ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री कोल्हापूरचं केशवराव भोसले नाट्यगृह पेटलं, शाहू महाराजांनी बांधलेलं, तेही नेमकं केशवरावांच्या जयंतीच्या आदल्या रात्री. माईक नव्हते तेव्हाच्या संगीत नाटकांसाठीची वास्तू ती.

तर फुगा. दहा-वीस रुपयांत काम, रेकॉर्डर खिशात मावतो, वॉचमनकाकाही खूश. एका जुन्या हॉलमध्ये आम्ही हेच केलं. पहिला फुगा फुटला तशी माळ्यावरची कबुतरं उडाली, आणि आवाज विरत जातानाचा जो शेवटचा भाग आपल्याला हवा असतो त्याच्यावरच ती फडफड बसली. दुसरा फुगा जरा कमी फुगवला होता, आलेख वेगळा. खालच्या सुरांत फुग्याला जोरच नसतो, त्यामुळे डग्ग्याचा घुमारा त्या हॉलमध्ये कसा वागतो हे कळलंच नाही.

स्वीपमध्ये स्पीकरमधून २० हर्ट्झपासून २०,००० हर्ट्झपर्यंत चढत जाणारा एकच लांब सूर सोडायचा, भोंगा वर चढतो ना तसा, पंधरा-वीस सेकंद. मग सॉफ्टवेअर त्यातून इम्पल्स रिस्पॉन्स काढतं. इटालियन ध्वनितज्ज्ञ आन्जेलो फारिना यांनी २००० मध्ये मांडलेल्या या पद्धतीची खरी गंमत म्हणजे स्पीकरची स्वतःची खरखर हॉलच्या प्रतिसादाच्या आधी, वेगळी होऊन पडते, ती कापून टाकता येते. सूर लांब असल्याने पंख्याची घरघरही बरीच मागे पडते. अडचण सामानाची, कारण सगळीकडे सारखा आवाज फेकणारा बारा तोंडांचा स्पीकर लागतो, तो भाड्याने किंवा एखाद्या इंजिनिअरिंग कॉलेजकडून मिळवावा लागतो. आणि एसी बंद ठेवा, हवा हलली की रीडिंग बिघडतं, एका स्वीपचं दुसऱ्याशी जुळत नाही. म्हणूनच दहा छोटे स्वीप घेऊन सरासरी काढत बसण्यापेक्षा एक लांब घ्या, मध्ये कुणी दार आपटलं तर सरळ परत.

मॉडेल म्हणजे हॉलमध्ये आवाज कसा घुमेल याचा अंदाज काढणारं ओडिऑनसारखं सॉफ्टवेअर. भिंती, बाल्कनी, खुर्च्या काढायच्या, कुठला पृष्ठभाग किती आवाज शोषतो ते भरायचं. त्याची खरी ताकद 'असं केलं तर' मध्ये आहे: लाकडी खुर्च्या काढून गुबगुबीत घातल्या तर? खाली गालिचा टाकला तर? प्रेक्षक खच्चून भरले तर? हे मोजून बघायला कोण हॉल भरून देणार! पण शोषणाचे आकडे कोष्टकातून उचललेले असतात, शंभर वर्षांच्या फळ्यांना आणि चुन्याच्या भिंतींना ते लागू पडतीलच असं नाही. मोजलेल्या आकड्यांशी जुळवल्याशिवाय मॉडेलवर विश्वास ठेवू नका. घुमण्याच्या वेळेत साधारण पाच टक्क्यांचा फरक कानाला कळतो, त्यामुळे जुळणी तेवढी तरी हवी. मॉडेलवाला कन्सल्टंट 'मोजायची गरज नाही' म्हणाला तर दुसरा बघा.

काहीही निवडा, पण पडदा वर होता की खाली, विंगा लावलेल्या होत्या का, किती खुर्च्या होत्या, तापमान काय, हे तिथंच वहीत लिहा आणि प्रत्येक माईकच्या जागेवरून स्टेजचा फोटो काढा. आम्ही पडद्याचं लिहिलं नव्हतं, नंतर तिघांच्या तीन आठवणी निघाल्या. आणि पैसेच नसतील, फुग्यावरच भागवायचं असेल, तर सगळे एका मापाचे फुगवा, प्रत्येक जागी पाचेक फोडा, आणि आधी दोन-तीन टाळ्या वाजवून कबुतरं बाहेर काढा.