भूतानमध्ये खर्च कशाने करावा: रोख रुपये, न्गुल्ट्रम की यूपीआय?

भूतानचे न्गुल्ट्रम हे चलन 1974 साली सुरू झाले आणि त्याचा दर भारतीय रुपयाशी एकास एक असा बांधलेला आहे. त्यामुळे भारतीय प्रवाशाला दराची घासाघीस करावी लागत नाही. पैसे कोणत्या रूपात न्यावेत, एवढेच ठरवायचे असते.

माझ्या मते मुख्य भिस्त रोख रुपयांवरच ठेवावी. भूतानची बहुतांश आयात भारतातून होते आणि तिचे पैसे रुपयांत चुकते करावे लागतात, म्हणून तेथे रुपयाला मागणी असते. 2012 साली रुपयांची टंचाई एवढी वाढली होती, की तेथील मध्यवर्ती बँकेला रुपयांच्या वाटपावर निर्बंध आणावे लागले. थिंफू, पारो आणि फुंटशोलिंग येथील दुकानदार रुपये सहज घेतात, पण उरलेले सुटे न्गुल्ट्रममध्येच परत देतात. सीमेला लागून असलेले जयगाव सोडले, तर हे न्गुल्ट्रम भारतात कोणी घेत नाही. म्हणून परतीच्या आदल्या दिवसापासून आधी तेच खर्चावे. भारतातून जाताना शंभर रुपयांपर्यंतच्या मूल्याच्या नोटा हव्या तेवढ्या नेता येतात. त्यावरील मूल्याच्या नोटांना मात्र एकूण 25,000 रुपयांची मर्यादा आहे. लहान नोटा जास्त नेल्यास मर्यादेची काळजी मिटते आणि सुट्यांचीही अडचण येत नाही.

एटीएममधून न्गुल्ट्रम काढणे हा आणीबाणीचा मार्ग समजावा. 2019 पासून तेथे रुपे कार्ड चालते. तरीही आपली बँक परदेशी व्यवहारावर किती शुल्क लावते आणि कार्डावर तशी परवानगी सुरू आहे का, हे निघण्यापूर्वीच विचारून घ्यावे.

भीम यूपीआय 2021 साली भूतानमध्ये पोहोचले. शहरातील हॉटेलचे बिल त्याने भागवणे सोयीचे आहे. परंतु त्यासाठी ॲपमधील आंतरराष्ट्रीय व्यवहाराची सोय सुरू केलेली असावी लागते आणि फोनला इंटरनेट मिळावे लागते. पूर्वेकडील मेराक-साकतेंगच्या पायवाटेवर जाणाऱ्याने यूपीआयवर विसंबूच नये.

खर्चाचा अंदाज बांधताना भारतीय प्रौढ प्रवाशासाठी असलेले प्रतिरात्र 1,200 रुपयांचे शाश्वत विकास शुल्क (भूतान सरकार पर्यटकांकडून घेते ती रक्कम) विसरू नये. दोघांच्या सहा रात्रींचे 14,400 रुपये होतात, मात्र ते भूतानच्या प्रवेश-परवान्याच्या अर्जासोबत ऑनलाइन भरता येत असल्याने तेवढी रोकड जवळ बाळगावी लागत नाही.